शाळेत मारहाण झाली तर काय करायचं: नव्या शिक्षकांसाठी

शिक्षकावर कुणी हात उचलला की स्टाफरूममधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘सर, पाणी घ्या आणि विषय मिटवून टाका.’ पाणी घ्या. विषय मिटवायचा की नाही, ते उद्या-परवा ठरवा. मिटवायचा असला तरी आधी कागद तयार हवेत. आज ज्या पालकाला माफ करून घरी पाठवाल, तोच संध्याकाळी ‘मास्तरनं माझ्या पोराला मारलं’ म्हणून ठाण्यात बसलेला असू शकतो. त्याची तक्रार त्याच दिवशीची आणि तुमची चार दिवसांनंतरची असेल, तर पुढे कितीही खरं बोललात तरी संशय तुमच्यावर येतो.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या शाळांपुरतं आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्यांना यातलं बरंचसं सारखंच लागू आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. शिक्षणसेवक म्हणून नुकतेच रुजू झालेले लोक हमखास विचारतात, ‘मी अजून कायम नाही, तक्रार केली तर नोकरीवर येईल का?’ तुम्हाला कुणी मारलं म्हणून पोलिसांत जाणं हा सेवेतला गैरवर्तणुकीचा मुद्दा होत नाही. गप्प राहिलात आणि पालकाची तक्रार एकटीच वरच्या कार्यालयात पोहोचली, तर मात्र खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.

पहिला अर्धा तास

तिथून बाजूला व्हा. शेजारच्या वर्गात जा, कार्यालयात जा, दार लावून घ्या. अंगावर येणाऱ्याला ढकलणं, त्याचा हात धरणं हा स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण धोका संपला की तो हक्कही संपतो. तो माणूस पाठ फिरवून निघाल्यावर त्याच्यामागे धावून मारलेली एक थप्पड तुमची सगळी बाजू लंगडी करते. आणि हल्ली ती थप्पड नेमकी कुणाच्या तरी मोबाइलमध्ये येतेच.

माणूस अजून आवारात असेल, जमाव असेल, तर ११२ ला फोन लावा. परवानगीसाठी कुणाचं तोंड बघू नका. फोन केल्याची वेळ नोंदली जाते, तिचा पुढे उपयोग होतो.

वर्गावर दुसऱ्या शिक्षकाला पाठवा आणि मुलांना दुसरीकडे बसवा. पडलेली खुर्ची, फुटलेला चष्मा, रक्ताचा डाग आवरायला शिपाईमामा लगेच फडकं घेऊन येतात; त्यांना थांबवा. पोलीस पंचनाम्याला येईपर्यंत खोलीला कुलूप लावलेलं बरं. शक्य नसेल तर आधी फोटो काढा. फाटलेला शर्ट धुऊ नका, कागदी पिशवीत घालून ठेवा.

सीसीटीव्हीचं आत्ताच बघा. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांत कॅमेरे बंधनकारक केले, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते आहेत. मात्र डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं करत राहतो. ‘फुटेज सुरक्षित ठेवावं’ असं एका ओळीचं पत्र मुख्याध्यापकांना त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. फुटेजची प्रत न्यायालयात चालायला सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते करून घेणं तपास अधिकाऱ्याचं काम आहे, पण डीव्हीआरच रिकामा झाला तर तोही काय करणार?

दवाखाना: इथे घाई नको आणि लाजही नको

ठाण्याआधी दवाखान्यात गेलात तरी चालतं. सरकारी दवाखान्यात जा: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल ते. आधी ठाण्यात गेलात तर पोलीस ‘मेडिकल यादी’ (तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे पत्र) देतात आणि ती घेऊन तपासणी होते. थेट गेलात तर मारहाणीची केस म्हणून डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायद्याशी संबंध असलेली इजा) नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. यादी नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

केसपेपरवर डॉक्टर ‘हिस्टरी’ लिहितात, म्हणजे इजा कशी झाली ते. बरोबर आलेले सहकारी इथे हळूच म्हणतात, ‘जिन्यावरून पडले असं सांगा, नाहीतर पोलीस केस होईल.’ एकदा कागदावर ‘पडले’ असं आलं की ते पुसता येत नाही. वर्षा-दोन वर्षांनी आरोपीचा वकील सगळ्यात आधी तोच कागद न्यायाधीशांपुढे धरतो. कुणी, कशाने, कुठे मारलं ते सरळ सांगा आणि तेच लिहिलंय का ते बघा.

किरकोळ वाटणारी इजाही दाखवा. कानशिलात बसलेली चापट बाहेरून नुसती लालसर दिसते, पण आत पडदा फाटलेला असू शकतो. कान बंद झाल्यासारखा वाटतोय, शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतोय, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायला सांगा आणि ऐकण्याची चाचणी करून घ्या. नाकावर ठोसा असेल तर एक्स-रे. दात हलतोय तर दंतवैद्याचा कागद. डोक्याला मार असेल आणि उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी जाणवली तर रात्री घरी एकटं राहू नका, परत दवाखाना गाठा.

हे एवढं बारीक सांगायचं कारण कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत (कलम ११५) आणि गंभीर दुखापत (कलम ११७) यांत मोठी दरी आहे. पहिलीला एक वर्षापर्यंत शिक्षा, दुसरीला सात वर्षांपर्यंत. हाड किंवा दात मोडणं, निखळणं, एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं, पंधरा दिवस तीव्र वेदना असणं किंवा रोजचे व्यवहार करता न येणं, हे सगळं ‘गंभीर’मध्ये मोडतं. तुमची केस कुठल्या बाजूला पडणार ते डॉक्टरांच्या जखमी प्रमाणपत्रावर ठरतं. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळे-निळे दिसतात, म्हणून तेव्हाही फोटो काढा.

झोपण्याआधी लिहून काढा

दवाखान्यातून आल्यावर कितीही थकला असाल तरी घडलेलं हाताने लिहून काढा. पोलीस जबाब घेतील तेव्हा हा कागद समोर असू द्या. बहुतेक शिक्षक भाषेचे पक्के असतात आणि नेमकी तिथेच पंचाईत होते: ‘सदर इसमाने अत्यंत निंदनीय कृत्य करून गुरू-शिष्य परंपरेला काळिमा फासला’ असं काहीतरी लिहून बसतात. यातून कुणी कुणाला कुठे मारलं हेच कळत नाही. असं लिहा:

‘आज सकाळी ११.२० च्या सुमारास मी इयत्ता सातवीच्या वर्गात गणिताचा तास घेत होतो. विद्यार्थी अमुक याचे वडील परवानगी न घेता वर्गात आले. “पोराला पुढच्या बाकावरून का उठवलं” असं म्हणून त्यांनी माझी कॉलर धरली आणि उजव्या हाताने माझ्या डाव्या कानावर दोन चापटा मारल्या. मी टेबलावर आदळलो, चष्मा खाली पडून फुटला. शेजारच्या वर्गावरचे तमुक सर आणि शिपाई यांनी त्यांना बाहेर नेलं. जाताना “बाहेर भेट, तंगडं तोडतो” असं ते म्हणाले.’

यात ‘तास घेत होतो’ आहे, म्हणजे तुम्ही कामावर होता. ‘परवानगी न घेता’ आहे. कुठला हात, कुठला कान हे आहे आणि ते डॉक्टरांच्या कागदाशी जुळतं. धमकी जशीच्या तशी आहे. शिव्याही जशाच्या तशा लिहा. आपल्याला संकोच वाटतो, मग ‘अर्वाच्य शिवीगाळ केली’ एवढ्यावर भागवतो. पण जातीवरून काही बोललं गेलं असेल, शिक्षिकेच्या बाबतीत अंगाला हात लावला असेल, कपडे ओढले असतील, तर ते पहिल्याच जबाबात यायला हवं. नंतर पुरवणी जबाबात आलं तर ‘मागाहून सुचलं’ असा आरोप होतो. जे आठवत नाही ते मात्र लिहू नका. चार माणसं होती आणि दोघांची तोंडं आठवतात, तर दोघांचीच सांगा.

पोलीस ठाणं

एकटे जाऊ नका. मुख्याध्यापक आले तर उत्तम, नाहीतर एखादा जुना सहकारी किंवा संघटनेचा पदाधिकारी. दहा-पंधरा जणांचा घोळका नेऊन मात्र काही साधत नाही, ठाणे अंमलदार आणखीच आखडतो.

सोबत न्यायचं: तुमचं टिपण, एमएलसीचा कागद, ओळखपत्र, त्या दिवशीच्या मस्टरची आणि वेळापत्रकाची प्रत. निवडणुकीचं बीएलओचं काम, सर्वेक्षण, सहल अशा बाहेरच्या कामावर असताना प्रसंग घडला असेल तर त्या कामाचा आदेश.

हे कागद लागतात ते ‘शासकीय कामात अडथळा’ या कलमासाठी. सगळे अजून जुन्या दंड संहितेतला आकडा ‘३५३’ म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आता ते कलम १३२ आहे. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी दुखापत केली तर त्यापुढचं कलम १२१ लागतं: साध्या दुखापतीला पाच वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर एक ते दहा वर्षं. शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ‘सेवेत किंवा वेतनावर’ असलेला माणूस लोकसेवक, अशी व्याख्या आहे. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेचे शिक्षक त्यात बसतात. खासगी अनुदानित शाळेत यावर वाद घातला जातो. तुम्ही मागणी करा, ठरवू दे पोलिसांना. विनाअनुदानित शाळेतल्यांनी या कलमाच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. दुखापत, धमकी (कलम ३५१) आणि आवारात बेकायदा घुसणं (कलम ३२९) ही कलमं कुणालाही लागू आहेत.

इथे एक खाच आहे. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी एवढंच असेल तर तो अदखलपात्र गुन्हा, आणि तुमच्या हातात ‘एनसी’ची पावती पडते. एनसी म्हणजे नोंद झाली, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मात्र प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असेल तर सगळं प्रकरणच दखलपात्र धरलं जातं. १३२ दखलपात्र आहे, १२१ आहे आणि बेकायदा घुसणं हेही आहे. हे शांतपणे निदर्शनास आणा. १२१ सारख्या तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, पण तिला चौदा दिवसांची मुदत आहे. ‘बघू, साहेब आल्यावर’ याला मुदत नसते. दोन्हींतला फरक ओळखा.

घटना दुसऱ्या हद्दीत घडली असेल, उपचारांसाठी तुम्ही दुसऱ्या शहरात असाल, तरी कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ होते. एफआयआर नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना (शहरात आयुक्तांना) स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. तरी हाललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा क्रमांक १५१००.

सहीआधी जबाब पूर्ण वाचा. शेवटी ‘वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ असं छापील वाक्य असतं. ते खरं असेल तेव्हाच सही करा. डाव्याचं उजवं झालेलं असतं, तमुक सरांचं नाव राहिलेलं असतं. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

एनसीवरच भागलं आणि तो माणूस गावात धमक्या देत फिरतोय, तर ‘चॅप्टर केस’ करायला सांगा. त्यात त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला जातो. किरकोळ प्रकरणात कोर्टाच्या फेऱ्यांपेक्षा मला हा मार्ग जास्त उपयोगी वाटतो, गावात लगेच फरक दिसतो.

कार्यालयाचे कागद

त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तीच प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. माध्यमिक असाल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना. खासगी शाळेत संस्थेच्या सचिवांनाही. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ‘तोंडी सांगितलंय साहेबांना’ याला कागदावर किंमत नाही. अर्जात तीन गोष्टी मागा: फुटेज जपावं, शाळेने स्वतः तक्रार द्यावी, आणि त्या व्यक्तीला आवारात येण्याबाबत लेखी समज द्यावी.

दुखापतीमुळे घरी बसावं लागलं तर आपली वैद्यकीय रजा खर्ची टाकण्याआधी विचारा. कर्तव्यामुळे हेतुपुरस्सर झालेल्या इजेसाठी महाराष्ट्राच्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे. ती मागायला घटना वेळेत कळवलेली असावी लागते. वरचा अर्ज इथे कामी येतो. दवाखान्याची बिलं वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी ठेवा.

शिक्षिकेवरचा हल्ला लैंगिक स्वरूपाचा असेल तर पोलिसांशिवाय शाळेच्या अंतर्गत तक्रार समितीकडेही जाता येतं, मुदत तीन महिने. छोट्या शाळेत समिती नसेल किंवा तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

वर्तमानपत्रं, यूट्यूबवाले दारात येतील. शासकीय शिक्षकाने वर्तणूक नियम ध्यानात ठेवून त्यांना संघटनेकडे पाठवावं. व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकू नका, त्यात मुलं दिसत असतात.

उलट तक्रार

ती येणार असं धरूनच चाला. मुलाला मारलं, जातीवरून बोललं, मुलीकडे वाईट नजरेने पाहिलं, यांपैकी काहीतरी. खोटी असेल तर तुमच्या त्याच दिवशीच्या नोंदी आणि वर्गातले इतर साक्षीदार हाच बचाव आहे. मुलांना मात्र स्वतः काही विचारू नका, पढवू तर अजिबात नका.

आणि तुम्ही खरोखरच छडी उगारली असेल तर? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे, त्याची चौकशी होईल आणि व्हायलाही हवी. पण म्हणून पालकाला तुम्हाला मारण्याचा परवाना मिळत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालतात. आपल्या वकिलाला पहिल्या भेटीत सगळं खरं सांगा.

वकील इथे लगेच गाठायचा. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिलात तर सेवेत आपोआप निलंबन मानलं जातं, म्हणून अटकपूर्व जामिनाचा विचार वेळेत व्हावा. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात तो सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथे एक दिवसही दवडू नका.

मारणारा विद्यार्थी असेल तर

हे सगळ्यात अवघड, आणि इथे मी वेगळा सल्ला देईन. अठरा वर्षांखालचा मुलगा कायद्याने ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. अतिगंभीर गुन्हा नसेल आणि त्यात मोठी माणसं सामील नसतील, तर एफआयआरऐवजी डायरीत नोंद होते आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, ‘दाखला हातात द्या’ ही मागणी करून उपयोग नाही. त्याचं नाव, फोटो बाहेर गेला तर तुम्हीच गुन्ह्यात सापडाल.

तरी दवाखाना, टिपण आणि मुख्याध्यापकांना अर्ज हे तिन्ही कराच. चाकू, रॉड निघाला असेल किंवा बाहेरच्या टोळक्यासोबत मुलगा आला असेल, तर पोलिसांत जायला मागेपुढे पाहू नका. नववीतल्या पोराने रागाच्या भरात ढकललं असेल तर पालकांना बोलावून, समुपदेशक असेल तर त्याला बरोबर घेऊन, इतिवृत्तासह बैठक घ्या. काही दिवस त्याचा वर्ग दुसऱ्याकडे द्यायला सांगा. यात मानहानी वाटून घेऊ नका.

गावबैठक आणि तडजोड

दोन-तीन दिवसांत निरोप येतो: सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, एखादे नेते, ‘बसून मिटवू’. जायचं असेल तर दोघे-तिघे मिळून जा, आणि शाळेतच बसा, कुणाच्या घरी नको. साध्या दुखापतीचा गुन्हा तुमच्या संमतीने मिटू शकतो, गंभीर दुखापतीला न्यायालयाची परवानगी लागते. १३२ आणि १२१ मात्र खालच्या न्यायालयात तडजोडीने मिटत नाहीत, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ‘मागे घेतो म्हणून लिहून द्या, लगेच संपेल’ असं कुणी सांगत असेल तर त्याला हे माहीत नाही किंवा तो लपवतोय. माफीनामा घेतलात तर त्यात काय घडलं हे त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असावं. ‘गैरसमजातून प्रकार झाला’ एवढंच लिहिलेला माफीनामा परत करा.

परत वर्गावर

त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे उभं राहताना हात थरथरतात, दारात सावली दिसली की तास तुटतो. झोप उडाली असेल, शाळेच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येत असेल आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद रजेलाही चालतो आणि केसलाही. पहिले काही दिवस शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांनी मधलं दार उघडं ठेवलं तरी बराच धीर येतो.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर गुन्हा क्रमांक टाकून लेखी विचारा. आरोपपत्रानंतर साक्षीचं समन्स यायला कधी कधी काही वर्षं जातात. तोवर तुमची बदली दुसऱ्या तालुक्यात झालेली असते आणि समन्स जुन्या शाळेच्या पत्त्यावर पडून राहतं. बदली झाली की नवा पत्ता आणि फोन नंबर तपास अधिकाऱ्यांना आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयाला लेखी कळवा. समन्स आलं की त्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, कोर्टातून हजेरीचा दाखला घ्या, आणि आदल्या दिवशी तो पहिल्या रात्री लिहिलेला कागद एकदा वाचून जा.